दिल्लीला मत चालते, वर्गात का चालत नाही?

आपल्या देशात अठरा वर्षांचा पोरगा एकाच वेळी शहाणाही असतो आणि अडाणीही. लोकसभेचे मतदान आले की तो शहाणा. त्याच्या बोटाला शाई लावताना कुणी विचारीत नाही की, बाबा रे, तुझे मार्क किती, तुझी हजेरी किती. पण तोच पोरगा दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन म्हणाला की, मेसचा आणि जिमखान्याचा हिशेब पाहायला आमचा माणूस आम्हांला निवडू द्या, की तो एकदम भडक माथ्याचा, पुढाऱ्यांच्या हातचे बाहुले आणि आईबापांचा पैसा उधळणारा ठरतो.

तारखा पाहा म्हणजे गंमत कळेल. मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणणारी एकसष्टावी घटनादुरुस्ती संसदेने डिसेंबर 1988 मध्ये मंजूर केली आणि 28 मार्च 1989 पासून ती अमलात आली. त्याच 1988 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात विद्यापीठांतल्या विद्यार्थी संघांच्या निवडणुका बंद झाल्या. इकडे मुंबईत 1989 साली ओवेन डिसोझा या विद्यार्थ्याचा खून झाला, त्यावर गदारोळ उठला आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने आपल्या महाराष्ट्रातही कॉलेजातली मतपेटी अडगळीत गेली. एका हाताने दिल्ली दिली, दुसऱ्या हाताने वर्ग काढून घेतला. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे भाषा वेगळी, सरकारे वेगळी, पक्ष वेगळे. पण पोरांचे तोंड बंद करण्यात मात्र दोन्हीकडे विलक्षण एकमत!

मी उस्मानिया विद्यापीठाचा मराठीचा एम.ए. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. नांदेडकडून मीटरगेजच्या गाडीने रात्र काढून सिकंदराबादला उतरायचे आणि तारनाक्याला तिघांत मिळून घेतलेली खोली गाठायची. आता तिथे मेट्रोचे स्टेशन आहे. तारनाका हे नाव आपल्या कानाला अस्सल मराठी लागते. तारेचे कुंपण आणि त्यावरचा नाका यांवरून ते पडले असे तिथले जुने लोक सांगत. तिथून विद्यापीठात शिरले की आर्ट्‌स कॉलेजची ती गुलाबी दगडाची भव्य इमारत दिसायची आणि आमच्यासारख्या खेड्यातल्या पोरांची छाती उगाच फुगायची.

मी गेलो तेव्हा निवडणुका बंद होऊन काही वर्षे झाली होती. बंदी घालणाऱ्यांच्या हिशेबाने तिथे आता शांतता नांदायला हवी होती, फक्त पुस्तकांची पाने उलटल्याचा आवाज यायला हवा होता. प्रत्यक्षात भिंती तेलुगू, उर्दू, इंग्रजी घोषणांनी भरलेल्या. लाल झेंडे होते, भगवे होते, तिरंगी होते. मंडल आयोगावरून देश पेटलेला तो काळ. सभा होत्या, मोर्चे होते, 'अमुक संघटनेचे विद्यापीठ अध्यक्ष' म्हणून ओळख करून देणारे चारपाच जण तर चहाच्या टपरीवर कधीही भेटत. नव्हती ती फक्त मतपेटी. म्हणजे राजकारण जागच्या जागी राहिले; राजकारणाला वर्षातून एकदा पोरांपुढे हात जोडायला लावणारी एकच गोष्ट होती, तेवढी गेली.

माझे सगळे म्हणणे एवढ्यावरच उभे आहे. निवडणूक बंद केल्याने पुढारी नाहीसे होत नाहीत. त्यांना विचारणारा नाहीसा होतो.

पटत नसेल तर उस्मानियाचाच इतिहास काढा. तो आपला परका इतिहास नव्हे. 1918 साली निजामाने हे विद्यापीठ काढले, उर्दू माध्यमाचे. 1958 साली तेव्हाच्या औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ होईपर्यंत आपल्याकडच्या पोरांचे विद्यापीठ तेच. 1938 साली 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून औरंगाबादच्या कॉलेजात ठिणगी पडली, ती उस्मानियाच्या वसतिगृहांपर्यंत गेली आणि विद्यार्थ्यांना सरळ काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांना पदरात घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्याच लाटेत नागपूरला गेले. (हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली ती याच माणसाने. दुभाषी मुलुखाचे हे फळ आपल्या मुलांना आपण सांगतो का?) निजामाचे राज्य होते, तिथे पोरांना मत नव्हते, म्हणून तक्रार ऐकण्याऐवजी हकालपट्टी झाली. यात नवल नाही. नवल हे की स्वराज्यातही कारभाऱ्यांना तीच रीत सोयीची वाटावी.

1952 च्या मुलकी आंदोलनात विद्यार्थीच पुढे होते आणि हैदराबादेत सिटी कॉलेजजवळ गोळीबार झाला. 1969 मध्ये वेगळ्या तेलंगणाची चळवळ पेटली तेव्हा उस्मानिया विद्यार्थी संघाचे सरचिटणीस एम. मल्लिकार्जुन तिच्या आघाडीवर होते. मते घेऊन त्या खुर्चीवर बसलेला माणूस. पुढे ते खासदार झाले, केंद्रात मंत्री झाले. त्या चळवळीत माणसे मेली, वर्षे वाया गेली, हे मी झाकून ठेवत नाही. पण सरकारला बोलायचे तर कोणाशी बोलायचे, आणि पोरांना जाब विचारायचा तर कोणाला, हे निदान ठाऊक होते.

आता 2009 घ्या. 29 नोव्हेंबरला के. चंद्रशेखर राव यांना उपोषणाला जाताना अटक झाली आणि उस्मानिया पेटले. लाठ्या चालल्या, अश्रुधूर झाला. राव यांनी उपोषण सोडल्याची बातमी पसरली तेव्हा याच पोरांनी त्यांच्याविरुद्धही घोषणा दिल्या, इतका त्यांचा जोर होता. 9 डिसेंबरला चिदंबरम यांना दिल्लीतून घोषणा करावी लागली. अर्धे राज्य हलवणाऱ्या त्या पोरांचा निवडून दिलेला एकही प्रतिनिधी नव्हता, कारण वीस वर्षे निवडणूकच नव्हती! होत्या त्या 'जेएसी', म्हणजे संयुक्त कृती समित्या. एकीच्या दोन, दोनांच्या चार. प्रत्येकीचा संयोजक वेगळा, प्रत्येकाला वरदहस्त वेगळा. काहींना पुढे पक्षांची तिकिटे मिळाली, बाकीचे पुन्हा वाचनालयात जाऊन नोकरभरतीच्या जाहिरातीची वाट पाहत बसले. 2 जून 2014 रोजी राज्य झाले. पोरांच्या रक्ताघामावर उभ्या राहिलेल्या त्या राज्याने पोरांना आधी काय द्यायला हवे होते? विद्यार्थी संघ. तो काही आला नाही. आले ते काय, तर मार्च 2025 मध्ये विद्यापीठाचे परिपत्रक: विभागांच्या, कॉलेजांच्या आणि कार्यालयांच्या आवारात धरणे नको, घोषणा नकोत. प्रतिनिधी निवडायचा नाही आणि ओरडायचेही नाही. मग पोराने करायचे काय? नवस?

इथे आमचे काही समव्यवसायी डोळे वटारतील. 'गुरुजी, तुम्ही हायस्कुलात बसून हे लिहिता. कॉलेजात सुरे निघतात.' निघाले आहेत, मान्य. उस्मानियाच्याच आवारात 14 एप्रिल 1972 रोजी जॉर्ज रेड्डी हा पदार्थविज्ञानाचा अत्यंत हुशार विद्यार्थी भोसकून मारला गेला. 2006 साली उज्जैनच्या माधव कॉलेजातले प्राध्यापक सभरवाल विद्यार्थी निवडणुकीच्याच वादात हल्ला होऊन गेले. ते तर आमच्याच पेशाचे. त्यांची आठवण ठेवूनच मी हे लिहितो आहे. पण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपल्याकडे डोकी फुटत नाहीत काय? म्हणून कुणी असे म्हटले का, की आता सरपंच तहसीलदार नेमतील, गावातल्या सर्वांत जास्त शिकलेल्या माणसाला? खून करणाऱ्याला पकडणे हे पोलिसांचे काम. ते जमत नाही म्हणून मतदारालाच घरी बसवणे हा न्याय म्हणजे हेल्याचे दुखणे पखालीला.

आणि त्या 1994 च्या कायद्याने केले तरी काय? वर्गात ज्याला सर्वांत जास्त गुण, तो वर्गाचा प्रतिनिधी. त्याला प्राचार्यांनी नेमायचे. खेळातला एक, एन.सी.सी.तला एक, सांस्कृतिकमधला एक, दोन मुली, तेही प्राचार्यांनीच नेमायचे. मंडळाचे अध्यक्षही प्राचार्य. या सगळ्यांनी मिळून आपल्यातला एक सचिव निवडायचा आणि कॉलेजाकॉलेजांच्या सचिवांनी विद्यापीठाचे मंडळ निवडायचे. मी गुणवत्तेच्या विरुद्ध नाही. तीस वर्षे पोरांना गुणच देत आलो. पण पहिला आलेला मुलगा बिचारा पहिला यायला धडपडतो, बाकीच्यांच्या भानगडी वाहायला नव्हे. त्याला पुढच्या वर्षीही पहिले यायचे असते, त्यात प्राचार्यांची नाराजी कशाला ओढवून घेईल? शिवाय गणित पाहा. दहा हजार मतदार कुणाला जीपमध्ये कोंबता येत नाहीत. पाचपन्नास सचिव येतात. मराठवाड्यात 'यूआर'च्या निवडणुकीत मतदार पोरे 'सहलीला' नेण्याचे प्रकार आपण सर्वांनी ऐकले आहेत. जिल्हा परिषदेचे सगळे धडे पोरांना तिथेच मिळाले. राजकारणाची घाण नको म्हणून केलेल्या कायद्याने राजकारणातली नेमकी घाणच आत घेतली, आणि सभा, भाषण, वाद, दारोदार जाऊन मत मागणे ही जी चांगली बाजू, ती बाहेर ठेवली. ज्या वर्षी तो कायदा आला त्याच 1994 साली नांदेडला विद्यापीठ झाले, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे. पोरांना घेऊन निजामाशी झुंजलेल्या माणसाचे नाव, आणि आत नेमणुकीचा कारभार.

पुढे 2016 च्या कायद्यात खुल्या निवडणुका परत आल्या. अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, मागासवर्गीयांचा प्रतिनिधी, सगळे विद्यार्थ्यांच्या थेट मताने. कागदावर उत्तम. 2019 साली त्या होणार म्हणून जाहीर झाले. पोरांनी हातपाय हलवायला सुरुवात केली. मग विधानसभेची निवडणूक आली म्हणून त्या पुढे ढकलल्या. थोरल्याचे लग्न ठरले म्हणून धाकट्याची मुंज रद्द!

नियम नाहीत असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या लिंगडोह समितीने 2006 साली सगळे घालून दिले आहे. पदवीच्या उमेदवाराचे वय सतरा ते बावीस. हजेरी पंच्याहत्तर टक्के. एकही विषय मागे राहिलेला नको, गुन्हा नोंदलेला नको. पदाधिकारी म्हणून एकदाच उभे राहता येईल, म्हणजे चाळिशीचे 'विद्यार्थी नेते' आपोआप बाद. खर्च पाच हजार रुपयांच्या आत, भित्तिपत्रके हाताने लिहिलेली, सगळा खेळ दहा दिवसांत उरकायचा. सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक झालीच पाहिजे. हे नियम पाळले जातातच असे नाही. दिल्ली विद्यापीठात 2024 साली पोस्टरांनी इतक्या भिंती रंगल्या की न्यायालयाने मतमोजणी अडवली. भिंती साफ करा मग निकाल लावा म्हणून बजावले आणि सप्टेंबरच्या मतदानाचा निकाल नोव्हेंबरच्या अखेरीस लागला. हा झाला उपाय! मतदान नाही रोखले, भिंती धुवायला लावल्या. हैदराबादेतच गच्चीबावलीच्या केंद्रीय विद्यापीठात विद्यार्थी संघ निवडला जातो. एकाच शहरात, तारनाक्यापासून तासाभराच्या वाटेवर, तेलुगू पोरगा मतदानाला लायक आणि उस्मानियात मात्र नालायक, हे कोणत्या शास्त्रात बसते?

आणि बंद्या घालणारे, त्या चालू ठेवणारे, हे लोक मोठे झाले कुठे? अरुण जेटली 1974 साली दिल्ली विद्यापीठ विद्यार्थी संघाचे अध्यक्ष. वेंकय्या नायडू आंध्र विद्यापीठाच्या संघाचे. सीताराम येचुरी जेएनयूच्या संघाचे. आपल्या भालकी तालुक्यातल्या वरवट्टीचे मल्लिकार्जुन खर्गे गुलबर्ग्याच्या सरकारी कॉलेजात विद्यार्थी संघाचे सरचिटणीस होते. एका दलित मजुराच्या पोराला पहिली पायरी मिळाली ती वर्गमित्रांच्या मतांनी, कुणा साहेबांच्या शिफारशीने नव्हे. ती पायरी काढून टाकल्यावर आता वर कोण चढते ते पाहा: साहेबांचा मुलगा, पुतण्या, सून. घराणेशाहीवर अग्रलेख लिहिणाऱ्यांनी या पायरीबद्दल एक तरी अग्रलेख लिहावा.

इटलीत बोलोन्या येथे आठशे वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांनीच विद्यापीठ चालवले. प्राध्यापक ते नेमीत आणि उशिरा आला तर दंड करीत. आमच्या स्टाफरूममध्ये मी हे सांगितले तेव्हा दोघांनी घड्याळाकडे पाहिले. तितके पुढे जा असे मी म्हणत नाही!

आमच्या शाळेत मात्र मी बारा वर्षांपासून मतपत्रिकेवर निवडणूक घेतो. मराठी आणि तेलुगू दोन्ही घरांतली पोरे, म्हणून मतपत्रिकेवर दोन्ही लिपींत नावे. पहिल्या वर्षी ज्या मुलाने लिमलेटच्या गोळ्या वाटल्या तो दणदणीत निवडून आला. शिक्षक म्हणाले, पाहा, सांगत होतो ना! मी म्हटले, थांबा. दुसऱ्या वर्षी त्याचाच जोडीदार गोळ्या घेऊन उभा राहिला. पोरांनी गोळ्या खाल्ल्या आणि मते आठवीतल्या एका मुलीला दिली. तिने निवडून आल्यावर आठ दिवसांत एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी मोडली होती, मुली ते मास्तरांना सांगायला लाजत होत्या. दुसऱ्या दिवशी कडी बसली. घरी तेलुगू बोलणाऱ्या त्या मुलीला मराठी मुलींनीही मते दिली होती, हे सीमेवरच्या भाषावादात तलवारी परजणाऱ्यांनी जरा ध्यानात घ्यावे. निवडणुकीचा गुण पहिल्या खेपेला दिसत नाही, दुसऱ्या खेपेला दिसतो. ज्यांनी पस्तीस वर्षे दुसरी खेप येऊच दिली नाही, ते पहिल्या खेपेचे गुंड दाखवून घाबरवतात.

आपल्या घरांना हे जास्त टोचायला हवे. आपली पोरे हैदराबादला जातात, तिकडची इकडे येतात. तिथे आपला मुलगा संख्येने थोडा, भाषेने वेगळा. 'लोकल' की 'नॉन-लोकल' हा कागद, एका राज्यात एका यादीत आणि दुसऱ्यात भलत्याच यादीत असलेली जात, शिष्यवृत्तीसाठी इथल्या तहसीलीचा दाखला तिथे चालत नाही म्हणून मारलेल्या फेऱ्या, हे सगळे आपल्याला ठाऊक आहे. मदतीला कोण येते? ओळखीचा एखादा मराठी कारकून, किंवा गावाकडच्या आमदाराचे पत्र. मत असते तर गोष्ट निराळी झाली असती. दोनशे मराठी पोरांची दोनशे मते असतात; ती हवी म्हणून तेलुगू उमेदवार त्यांच्या खोलीवर आला असता, चहा प्याला असता, कागद पाहिला असता. मताला भाषा नसते, मोजणीत सगळी सारखीच भरतात. थोड्यांना जपण्याचा याहून साधा उपाय मला तरी सापडलेला नाही.

तेव्हा वाचकहो, दिवाळीची सुटी संपायच्या आत एक काम करा. मुलाची कॉलेजची फीची पावती कपाटातून काढा. शिकवणीच्या रकमेखाली बारीक अक्षरांत जिमखाना, स्नेहसंमेलन, विद्यार्थी कल्याण निधी, ओळखपत्र असे काही ना काही लिहिलेले असेल. बेरीज करा आणि त्या कॉलेजातल्या मुलांच्या संख्येने गुणा. आकडा लाखांत जाईल. तो खर्च करणाऱ्या मंडळात विद्यार्थी किती आणि त्यांना कोणी निवडले, हे प्राचार्यांना लेखी विचारा. अर्जावर सही मुलाची घ्या, तुमची नको. अठरा पुरी झाली आहेत त्याला.